आत्यानं आधी विचारलं, मग कात्री चालवली

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. भिवपुरीला वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आम्ही... त्या सकाळी उठले तर डोळे सुजून मिटलेले आणि डोक्याची नुसती आग होत होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची. सतराव्या वर्षापासूनच केस पिकायला लागले होते, म्हणून आई दर पंधरा दिवसांनी कलप लावायची. येत्या रविवारी पुण्याहून स्थळ बघायला येणार होतं... त्यामुळे त्या सकाळच्या आदल्या दिवशी तिनं तो जरा जास्तच वेळ ठेवला होता.

कर्जतच्या डॉक्टरांनी टाळूवरचे फोड पाहिले आणि कलप कायमचा बंद करायला सांगितलं. केस तर आधीच तांबूस, राठ झालेले, विंचरताना मधूनच तुटायचे. ते कापा, म्हणजे औषध नीट लागेल, असंही म्हणाले.

घरी येताना आई रडत होती. "लग्न ठरेपर्यंत तरी कळ काढ गं." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पांढऱ्या केसांची नवरी मी तरी कुठे बघितली होती?

दुपारी आत्या जवळ येऊन बसली. बाबांची थोरली बहीण, बालविधवा, आमच्याकडेच असायची. तिनं आपला छोटासा अंबाडा सोडला आणि म्हणाली, "हे केस मला तिसाव्या वर्षी परत मिळाले. ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. चौदाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा सासरच्यांनी न्हावी बोलावून तिचं डोकं भादरलं होतं. पुढे सोळा वर्षं तो येतच राहिला... मग बाबांना इथे नोकरी लागली. ते तिला घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, आता न्हावी येणार नाही."

"काट्यांसारखे उभे राहायचे गं. नळावरच्या बायका टक लावून बघायच्या. पण एकदा मागच्या दारी पदर काढून बसले, आणि केसांत वारा शिरला..." तिनं सुटलेल्या केसांतून हात फिरवला.

मी कात्री आणून तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर ठेवली. "मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारते. कापू?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"काप, आत्या."

तरी तिनं पुन्हा एकदा विचारलं... मग दोन बोटं ठेवून सगळे कापले.

संध्याकाळी बाबांनी पुण्याला पत्र टाकलं. मुलीचे केस पांढरे आहेत, सध्या कापलेले आहेत, यायचं असेल तर जरूर या. ते आले नाहीत. आई दोन दिवस आत्याशी बोलली नाही, माझ्याशी आठवडाभर.

वर्षभर रुमाल बांधून फिरले. मुळाशी पांढरे, टोकाला तांबूस... आरशात बघवत नसे. शेजारच्या गावातली दूधवाली तेवढी रोज रुमाल उचलून बघायची. "वाढतायंत गं, बेस वाढतायंत!" टोकं कापत कापत कलपाचा शेवटचा केस गेला, तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं.

पंचविसाव्या वर्षी लग्न ठरलं. मुलगा मोहोपाड्याला नोकरीला होता. माझी हकिगत ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "आता डोकं दुखत नाही ना?"

लग्नाच्या दिवशी आईनं स्वतः माझी पांढरी वेणी घातली. आत्या रीतीप्रमाणे आतल्या खोलीत बसून होती. आई गजऱ्याचा पुडा घेऊन आत गेली... "वन्सं, हा तुम्ही माळा."

आत्या मागे सरकली. "माझा हात नको गं. शुभकार्य आहे."

"तुमचाच हवा."

आत्यानं गजरा माळला, आणि बराच वेळ तिचा हात माझ्या केसांवरच राहिला...

आज दोघीही नाहीत. आईनं कधी माफी मागितली नाही, ना माझी, ना आत्याची. पण गजरा घेऊन ती आतल्या खोलीत गेली होती... मला तेवढं आयुष्यभर पुरलं.