न फोडलेलं पाकीट

आमच्या दादाला सगळे पोस्टमास्तर म्हणतात. पोस्टाची पायरी तो चढला ती तिकिटं घ्यायलाच. जन्म गेला चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात. पण पाकिटंही नव्हती त्या काळातली, घडी घालून लाखेने बंद केलेली पत्रं त्याच्याकडे कपाटभर आहेत. त्यातलं एक तरी वाचलंय का विचारा. नाव नको! उलगडलं की घडी तुटते म्हणे. कुणी कुणाला मेल्याचं कळवलं, कुणी बारशाचं, याला काय त्याचं? याचा जीव वरच्या शिक्क्यात. त्या कपाटापायी वहिनीचे कपडे पंचवीस वर्षं ट्रंकेत आहेत.

मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा आई म्हणाली, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तीन वर्षांनी ती गेली. जाईपर्यंत तिने मला माफ केलं नाही, हे मी बावीस वर्षं उराशी धरून होते.

गेल्या महिन्यात दादाच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. गेले आपली तोंडदेखली. चौथ्या फळ्यावर काचेमागे एक पाकीट होतं. अक्षर आईचं. वर माझं नाव आणि लग्नानंतरच्या पहिल्या खोलीचा पत्ता. ती खोली आम्ही सोडली होती, म्हणून पत्र परत आलेलं. खाली दादाची सुबक चिठ्ठी: 'आठच महिने चाललेल्या पोस्टाचा परतीचा शिक्का. पाकीट न फोडलेलं. अत्यंत दुर्मीळ.'

मी जाब विचारला, तर हा शहाणा थंडपणे सांगतो की ते आई गेल्यावर परत आलं, आणि माझा नवा पत्ता त्याला सापडला नाही. आई गेल्याचं कळवायला बरा सापडला होता! मग खरं बोलला.

"तुला दिलं असतं तर तू फोडलंच असतंस."

मी चौकट उतरवली, मागचा पुठ्ठा उचकटला आणि पाकीट फोडलं. आत दोनच ओळी होत्या. 'रागाच्या भरात बोलले. आता मला जिना उतरवत नाही, तूच येऊन जा.'

तिथेच फरशीवर बसले आणि रडले, लोकांसमोर.

दादा लगबगीने आला. माझ्या हातातलं पाकीट अलगद सोडवून घेतलं, उजेडाकडे धरलं, भिंग लावलं.

"शिक्क्याला धक्का नाही लागला," तो म्हणाला.

पत्र त्याने मागितलं नाही. ते त्याला नकोच होतं.