गंगीचं नाव कुठे छापायचं?

वाचकहो, घरातल्या जिवंत माणसाला तुम्ही कधी यादीतून वगळलं आहे का? मी वगळलं आहे. ते कबूल करण्यासाठी हे पत्रक छापलं आहे. पण आधी साहेबांच्या ओट्यावर काय घडलं ते ऐका.

साहेब म्हणजे सरकारी दवाखान्याचे मोठे डॉक्टर. मी त्यांच्या हाताखालचा देवी टोचणारा. ते खुर्चीत, त्यांचे दोन स्नेही चहा पीत बसलेले, आणि मी पायरीवर, जिथे जोडे काढतात तिथे. साहेबांच्या हातात, वेडे कसे मोजावेत यावर माझ्या हाताने लिहिलेली चार पानं होती.

"कुठल्या मास्तरानं लिहून दिलं रे?"

"मी लिहिलं, साहेब."

"तू? मग मांडून दाखव."

त्यांनी कोळशाचा तुकडा माझ्यापुढे टाकला. मी उकिडवा बसलो. फरशीवर दहा रेघा मारल्या: एका गावातले वेडे, पाटलाच्या यादीतले. खाली आणखी दहा रेघा: त्याच गावातले, माझ्या यादीतले. म्हटलं, "साहेब, पाचच नावं दोन्हीकडे आहेत असं धरा. म्हणजे पाटलाच्या दहांतले मला पाचच सापडले. माझी नजर अर्ध्यांवरच पडते. मग माझे दहा हेही अर्धेच. गावात वीस असणार. कागदावर पंधरा आले. पाच कुणालाच दिसले नाहीत."

एक स्नेही मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! भिल्लानं डॉक्टराला गणित शिकवलं!"

दोघे स्नेही हसले. खूप वेळ हसले. साहेब हसले नाहीत. गणित बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "फरशी पुसून जा."

मी धोतराच्या सोग्याने पुसली. त्या दिवशी पुसली.

ही रीत मला पुस्तकात सापडली नाही. माझ्या खोटेपणात सापडली.

माझा बाप कोरीटकडे पाटलाच्या मळ्यात सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मी अक्षर शिकलो शाळेत, पण वाचायला शिकलो बाजारात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर. देवी टोचायला दारोदार जायचो, म्हणून साहेबांनी वेड्यांची यादी करायला सांगितली. गावोगावच्या पाटलांनी आपापली यादी वेगळी केली. एकाची दुसऱ्याने पाहिली नव्हती. यादीत माणसं असतील तर आठवड्याच्या बाजाराला डॉक्टर येणार, नसतील तर नाही. आजवर सरकारी कागदात आमच्या गावापुढे लिहिलेलं असायचं: 'वेडे : कोणी नाही.'

याद्या जमल्या तेव्हा पाटील चावडीवर सगळ्यांसमोर ओरडला, "काय रे देवीवाला! जगना येडा मोजी ऱ्हायना, अन घरनी येडी इसरी गया?"

गंगी. माझी मोठी बहीण. बाळंतपणात मूल गेलं तेव्हापासून बोलत नाही. उठते आणि चालू लागते, तापीच्या दिशेने. म्हणून आई तिच्या पायाला दोर बांधते. मी तिचं नाव लिहिलं नव्हतं. विसरलो नव्हतो. लाज वाटली होती.

मान खाली गेली. मग नजर पाटलाच्या यादीवर गेली. तिच्यात गंगी होती. पण पाटलाचा धाकटा भाऊ नव्हता, जो माडीवर कोंडलेला असतो, ज्याची हाक मी स्वतः ऐकली आहे. तो माझ्या यादीत होता.

मोजणाराच आपलं घर लपवतो. म्हणून एक यादी कधीच पुरत नाही. सगळी रीत त्या चावडीवर कळली. मी चार पानं लिहिली, त्यात गंगी आणि पाटलाचा भाऊ, दोघांनाही शेजारी शेजारी ठेवलं.

ओट्यावरच्या त्या दिवसानंतर पंधरवड्याने साहेबांनी बोलावलं. आवाज मऊ होता. "हे मुंबईच्या इंग्रजी वैद्यक मासिकात जाईल. नाव माझं. शेवटी लिहू, एका स्थानिक नोकराने याद्या जमवल्या." मसुदा मला दाखवला. शाळेत शिकलेल्या इंग्रजीने मी अडखळत वाचला. गंगी होती. पाटलाचा भाऊ खोडला होता. त्या जागी वाक्य होतं की रानटी जातींचे लोक अज्ञानामुळे आपले वेडे लपवतात.

"साहेब, पाटीलही लपवतात."

"मोठ्या घराची अब्रू छापायची नसते."

"मग आमची?"

साहेबांनी मसुदा माझ्या हातातून काढून घेतला. त्यांच्या मागे कपाटात तेच मासिक रचून ठेवलेलं. अर्ध्या अंकांचं वेष्टनही फोडलेलं नव्हतं. तिथे छापून गंगीला काय मिळणार होतं?

मी पानांची नक्कल करून पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. परत आली. 'विषय उपयुक्त आहे. पुढील पत्रव्यवहार एखाद्या पदवीधर गृहस्थामार्फत करावा.'

एकाला माझी अक्कल हवी, मी नको. दुसऱ्याला मी येण्याआधी जामीन हवा. संताप आला. पण त्यापेक्षा जास्त राग माझाच आला, की या दारांशी मी इतके दिवस उभा राहिलो. यादी कोण करतो? पाटील, तलाठी, मास्तर, देवी टोचणारा. यांच्यातला एकही ते मासिक वाचत नाही. मोजणीची रीत मोजणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे.

घरी जाऊन आईला सांगितलं की मी इथेच पत्रक छापतो, पण गंगीचं नाव छापावं लागेल. आई आधी म्हणाली, "नको भाऊ, लोके काय म्हनतीन?" मग बराच वेळ दोराची गाठ चाचपत बसली. गंगी तिच्याकडे पाहत होती. शेवटी आई म्हणाली, "साहेबनं नाव मोठं छापतस. मन्ही पोरनं बारीक छाप. पन छाप."

मी साहेबांकडे गेलो. माझी पानं परत मागितली. ते म्हणाले, "नोकरी जाईल." म्हटलं, "जाऊ द्या." गेली.

नंदुरबारला लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात हे पत्रक छापलं आहे. वर माझं नाव नाही. रीत कुणा एकाची नाही. गंगीचं नाव मात्र आहे, आणि पाटलाचा भाऊही आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ज्याला दोघेही लपवतात, तो या रीतीनेही पुरता सापडत नाही. म्हणून तिसरी यादी लागते. ती तुमची.

या पत्रकाची मागची बाजू कोरी सोडली आहे. दुसऱ्या कुणाची यादी न पाहता तुमच्या गावातली नावं तिच्यावर लिहा. पाटलाची यादी मागा, मास्तराला एक वेगळी करायला लावा, आणि तिन्ही चावडीवर सगळ्यांसमोर जुळवा. फरशीवर मांडलंत तर पुसू नका.

आणि पहिलं नाव तुमच्या घरातलं लिहा.