हात मागे घ्या

माझ्या सासूबाई गल्लीभर सांगत फिरायच्या, "सून आळशी मिळाली. दिवसा डुलक्या घ्यायलीय." खोटं नव्हतं ते. भाकरी थापता थापता माझे डोळे मिटायचे. एकदा तर कपाळ परातीतल्या पिठाला टेकलं होतं.

याला कारण माझे यजमान. ते कोहिनूर गावच्या शाळेत मास्तर. पाठ टेकली की घोरायला लागायचे आणि घरादाराला वाटायचं, किती सुखाची झोप! ती झोप कसली होती ते मलाच ठाऊक. घोरणं मधेच थांबायचं. छाती हलायची, पण नाकातोंडातून वारा म्हणून नाही. मी खांदा हलवला की मोठी धाप टाकून पुन्हा सुरू. बारा वर्षं मी हेच केलं. सांगून पाहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, "घोरल्यानं काय होतंय? गाढ झोपायलाय माझं लेकरू." असा संताप यायचा!

पुढे ते हजेरी घेता घेता वर्गातच झोपू लागले. लोकांना दारूचा संशय आला, तेव्हा कुठे आम्ही तिघं सोलापूरला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी त्यांना दुपारी जेवणानंतर खाटेवर निजायला सांगितलं. लगेच घोरणं सुरू झालं. मग थांबलं. माझा हात सवयीने पुढे गेला.

"बाई, हात मागे घ्या. मला बघू द्या."

मी हात पदरात गुंडाळून धरला. त्यांचे ओठ काळसर पडू लागले. मला किती वेळ धीर निघाला असता, देव जाणे. सासूबाईंना निघाला नाही. त्यांनी झेपावून लेकाला गदागदा हलवलं. "आरं ऊठ की!"

धाप आली. त्या माझ्याकडे वळल्या. "हे रोजचं हाय?"

"व्हय, आत्याबाई."

"आन् तू रोज उठवायलीस?"

मी मान हलवली. त्या खाली बसल्या.

टॉन्सिल, पडजीभ आणि टाळूच्या मागचं सैल मांस काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आवाज बदलू शकतो, पूर्ण गुण येईलच असंही नाही, हेही सांगितलं. "आवाज गेला तर शिकवू कसा?" यजमान म्हणाले. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "आधी जित्ते ऱ्हावा!"

ऑपरेशन झालं. कितीतरी दिवस प्यायलेली पेज नाकातून यायची आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आवाज गेंगाणा झाला, तो कायमचाच.

दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दुपारी ते शांत झोपले होते. मी खांद्यावर हात ठेवून बसले होते. श्वास जात होता, येत होता, मधे कुठे अडत नव्हता. तरी हात उचलवेना.

सासूबाईंनीच तो उचलला. खाली माझ्यासाठी स्वतःची वाकळ अंथरली आणि लेकाच्या खांद्यावर आपला हात ठेवला.

"नीज माय," त्या म्हणाल्या. "आता मी बसते."