बोटभर बाहेर राहिलेल्या खुंट्या

ओंडक्याला करवत लावण्याआधी येसूआप्पा सुतार मला एका टोकाला ठोकायला लावायचे आणि स्वतः दुसऱ्या टोकाला कान लावून बसायचे. डोळे मिटलेले, गालात तंबाखूची गोळी. "आजून ठोक. हवालदार हायस न्हवं? हातात जीव न्हाई व्हय?" मी ठोकायचो. मग आप्पा उठून म्हणायचे, "ह्यो नगं. आतनं पोकळ हाय." कापल्यावर तो खरंच पोकळ निघायचा आणि माझा जळफळाट व्हायचा.

लढाई संपल्यावर लष्करातून सुटून मी कडेगावजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा आईने घराचं लाकूड गोळा करून ठेवलं होतं. आप्पांनी ते एक पावसाळा ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवलेलं आणि पुढे वर्षभर सावलीत वाळवलेलं. घर तीन खणांचं, वर मातीचं माळवद. सत्तरीचे आप्पा वाकसाने खांब तासत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "ह्ये माजं शेवटचं घर. खिळा लागणार न्हाई. बघा तुमी." खांबाच्या डोक्याला जिभेसारखी कूस काढायची, तुळईला खाच पाडायची, कूस खाचेत बसली की दोन्हींतून आरपार बाभळीची खुंटी मारायची. बस्स. त्या खुंट्याही त्यांनी पुरत्या ठोकल्या नाहीत. प्रत्येक खुंटी बोटभर बाहेर ठेवली.

"आप्पा, ठोका की एकदाच्या," मी म्हणालो.

"लाकूड आजून आवळतंय रं. एक उन्हाळा जाऊ दे. मी यिऊन ठोकीन. तवर त्येला हालू दे."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं असं नाही.

माघात वास्तुशांत ठरली. सांगलीहून माझे मेहुणे चार दिवस आधी आले, वर बघितलं आणि हसले. "दाजी, घर अर्ध्यातच सोडलं की काय सुतारानं?" माझं डोकं फिरलं. मी लष्करात पूल बांधलेला गडी! सांगलीच्या बाजारातून लष्करी मालातले सहा इंची खिळे आणले, प्रत्येक सांध्यात दोन-दोन हाणले आणि बाहेर आलेल्या खुंट्या करवतीने साफ छाटून टाकल्या. आई म्हणाली, "आरं, आप्पास्नी इचार तरी." मी विचारलं नाही.

आमच्याकडे वास्तुशांतीला मालकाने सुताराला फेटा बांधायचा असतो. तो मान मिळाल्याशिवाय त्याचं काम पुरं झालं असं धरत नाहीत. आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले. मी भरल्या घरात फेटा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"हवालदार, खुट्या कुणी छाटल्या?"

"मीच. बरं दिसत नव्हतं, आप्पा. आम्ही लष्करात मोठमोठे पूल..."

"ते पूल तुमी काम झालं की काडून न्हेता. हितं लेकरं निजायची हायती." त्यांनी फेट्याची घडी माझ्या हातावर ठेवली. "फेटा त्या खिळ्यास्नी बांदा." आणि ते जेवायलाही थांबले नाहीत.

मेहुणे म्हणाले, म्हातारा लय माजलाय. मी मान डोलावली. आई रोज म्हणायची, जा, पाया पड. हवालदाराने सुताराच्या पाया पडायचं? नाही गेलो. पाडवा झाला आणि आठ दिवसांत आप्पा गेले. मातीला गेलो, पण लांबच उभा राहिलो.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा बैलगाडीतून एक तासलेला खांब घेऊन आला. "आप्पांनी तुमच्यासाटनं करून ठिवलाय. म्हनलं, वैशाखात मदली तुळई फाकंल. तवा लागंल." मला संताप आला. मेल्यावरही टोमणा मारतो हा माणूस! खांब मी गोठ्यात टाकून दिला.

वैशाखात भर दुपारी आई भाकरी थापत असताना मधली तुळई कडाडली. लाकूड आवळलं, खिळ्यांनी सोडलं नाही, आणि ते उभं चिरत गेलं. वरची माती आईच्या परातीत पडली. मी धावत गोठ्यात गेलो आणि तो खांब आणून तुळईखाली उभा केला. एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही. वरच्या टोकाला तुळईच्या मापाची खाचसुद्धा कोरलेली होती.

आज इतकी वर्षं तो खांब आमच्या माजघराच्या ऐन मध्ये उभा आहे. जाता-येता सगळ्यांना आडवा येतो. नवीन माणूस विचारतो, हा असा मध्येच का? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. फेटा ट्रंकेत तसाच आहे, घडी न मोडलेला.

आप्पांनी माप घेतलं कधी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. घरातली जमीन भरून सारवली ती त्यांचं काम झाल्यावर, आणि वास्तुशांतीनंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मग ध्यानात आलं. फेटा हातात धरून ते वर बघत उभे होते, तेव्हाच नजरेनं घेतलं. आणि मी समजत होतो, म्हातारा रागावलाय.