बाळूचं स्थळ

माझ्या आत्याइतकी खरं बोलणारी बाई डोंबिवलीत दुसरी नाही, आणि असू नये अशीच बहुतेकांची इच्छा आहे. मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं. स्वतः लग्न केलं नाही; सगळा वेळ दुसऱ्यांची जमवण्यात गेला म्हणते. त्यातही तिचा नियम असा की वैगुण्य आधी सांगायचं. समोरच्यांनी पोह्यांचा पहिला घास घ्यायच्या आत ही सांगून मोकळी, "मुलगा घोरतो. मधे भिंत असून मी ऐकलंय." तिनं जमवलेलं एकही लग्न आजवर मोडलं नाही, कारण मोडण्यासारखी सगळी तिनं आधीच मोडून टाकली होती.

निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, तेव्हा तिनं लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. नुसतं चालणं हा तिच्या मते वेळेचा अपव्यय. नाव ठेवलं बाळू. कुणीतरी टायगर सुचवलं, तर म्हणाली, "तसली नावं भित्र्या माणसांच्या कुत्र्यांची असतात." बाळू वाढला, सोफा खाल्ला, माझी एक चप्पल खाल्ली आणि सहा महिन्यांचा होऊन टोचून घ्यायला गेला. तिथली डॉक्टर आत्याचीच विद्यार्थिनी. आत्या आत आली की ती अजून खुर्चीवरून उठते. तिनं बाळूला तपासलं आणि हळूच म्हणाली, "बाई, याचं एकच वृषण खाली उतरलंय. उजवं सापडत नाही."

"शोध."

"शोधलं, बाई. ते पोटातच राहिलंय."

"नीट शोध. उत्तर नाही आलं की प्रश्नच चुकीचा म्हणायची तुझी सवय जुनी आहे."

डॉक्टरनं पुन्हा शोधलं. मग धीर करून सगळं सांगितलं. एव्हाना उतरलं नाही म्हणजे आता बहुधा उतरणार नाही. पोटातल्या उबेत राहिलेल्या वृषणाला पुढे गाठ होऊ शकते. दोष पिल्लांतही उतरतो. तेव्हा ऑपरेशन करून दोन्ही काढावीत हे बरं. आत्यानं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वाढदिवसाचे केक आणि पाणी न येण्याच्या सूचना यांच्या मधोमध लिहिलं: "बाळूचं उजवं वृषण उतरलेलं नाही. कुणास अनुभव असल्यास कळवावे." दिवसभर ग्रुपवर स्मशानशांतता. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला, "अहो बाई, काढून टाका ते. लहान मुलं वाचतात."

"मुलांना ठाऊक असतं," आत्या म्हणाली, "तुम्हालाच शिकवायचं राहिलंय."

पण ऑपरेशनचं नाव काढलं की ही एकदम हवामानावर बोलायची. कारण मला ठाऊक होतं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका कुटुंबाकडे राणी नावाची लॅब्राडोर होती आणि बाळू वर्षाचा झाला की त्यांची गाठ घालायचं ठरत होतं. रिवाजाप्रमाणे नराकडच्यांना एक पिल्लू मिळतं. आत्याला ते पिल्लू हवं होतं. इतकं हवं होतं, की साऱ्या डोंबिवलीला कळवलेली गोष्ट तिनं ठाण्याला मात्र कळवली नव्हती. मी विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उतरेल रे. आपल्याकडे सगळ्यांचं सगळं उशिराच होतं."

बाळू वर्षाचा झाल्यावर आम्ही त्याला आंघोळ घालून ठाण्याला नेलं. यजमानांनी खरोखरच कांदेपोहे केले होते. राणी दाराआडून पाहत होती. बाळूनं तिच्याकडे ढुंकूनही न पाहता तिचं बिस्कीट खाल्लं. यजमान म्हणाले, "आमची राणी स्वभावानं गरीब हो. फक्त कुकरची शिट्टी सोसत नाही." मग जरा घुटमळून विचारलं, "बाळूचं… सगळं व्यवस्थित आहे ना?"

आत्यानं कप उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देत नाहीये हे दृश्य मी जन्मात प्रथमच पाहत होतो.

"नाही," ती म्हणाली. मग टीपॉयवरचं वर्तमानपत्र ओढून, पेन मागून घेऊन तिनं त्याच्या कोऱ्या कडेला आकृती काढली: हे मूत्रपिंड, हा मार्ग, इथून उतरायचं, इथे अडकलं. बाण काढले. नावं दिली. "पिल्लांत येऊ शकतं. तुम्ही नाही म्हणावं असं माझं मत आहे." यजमानांचा चमचा हवेतच राहिला. कोपऱ्यातून त्यांच्या आई म्हणाल्या, "अगं बाई! आधी सांगणारी वरमाय पहिल्यांदाच पाहिली. हिला आणखी पोहे वाढा."

परतताना आम्ही खाडीवरच्या पुलावर आलो. बाळूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "पिल्लू माझ्यासाठी नको होतं रे," ती म्हणाली. "मी काय, आज आहे. पण याला एकट्याला राहायची सवय नाही."

मी म्हणालो, "मी आहे की."

"बायकोला विचारलंस?"

"विचारतो."

"आधी विचारावं, मग बोलावं."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. ते हट्टी उजवं वृषण आत्यानं डॉक्टरकडून मागून पाहिलं, "बरंच लहान आहे" असा शेरा दिला आणि टाके नीटनेटके आहेत म्हणून डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत असताना अशी थाप तिला एकदाही मिळाली नव्हती. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून बाळू घरभर दारांवर आपटत फिरला आणि चार दिवसांत पुन्हा सोफ्याला लागला.

इकडे मी धीर गोळा करून बायकोला विचारलं. ती भाजी निवडत म्हणाली, "आत्यांनी मला परवाच विचारलं. मी हो म्हटलंय."

तेव्हापासून मी आत्याला उगाचच रोज फोन करतो. "मी ठणठणीत आहे," ती खेकसते. "माझी चौकशी पुरे. तुझ्या बाल्कनीला जाळी लाव. बाळू वाकून बघतो, पडेल." जाळीवाला माप घेऊन गेलाय. कधी येऊ म्हणून दर आठवड्याला विचारतो. मी त्याला सांगतो, घाई नाही.