आत्याचं ‘व्हय’

माझं बालपण चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. वडील ती उस्मानपुऱ्यात वाटायचे, मी घड्या घालायचे. कुणापुढं मान तुकवायची नाही, हे मी शाळेच्या आधी त्यांतच वाचलं. म्हणूनच असेल, एमआरआय सेंटरातल्या त्या दुपारचा राग अजून उतरत नाही.

खुलताबादची आत्या हळदीसारखी पिवळी पडली होती, तापानं फणफणत होती. पित्तनळीत खडा अडकलाय का, हे चित्रात दिसल्याशिवाय डॉक्टर दुर्बीण घालायला तयार नव्हते. उशीर झाला तर जंतू रक्तात जातील, असं बजावूनच त्यांनी आम्हाला पाठवलं होतं.

काचेपलीकडं मशीन धडधडत होतं. टेक्निशियन माइकवर म्हणायचा, “मावशी, साँस रोको.” चित्र हललेलं यायचं. पुन्हा सांगायचा, पुन्हा हललेलं. शेवटी त्यानं तिला बाहेर काढलं.

“पेशंट ऐकतच नाय. सोमवारी आणा, भूल देऊन करू.”

“सोमवारपर्यंत थांबायचं? हिचा ताप बघितला का?”

“आता गावाकडची माणसं अशीच, मॅडम.”

मी आत्याकडं वळले. “श्वास का नाही धरलास?”

“धरत व्हते की. पण त्यो मावशी म्हनला की आधी ‘व्हय बाबा’ म्हनावं लागतं. हाकंला ओ द्यायची नाय? भिंत हाय का मी?”

ती ओ देऊन श्वास धरेपर्यंत मशीन सुरू झालेलं असायचं. तिचा आवाज इकडं कुणी ऐकतच नव्हतं.

“साहेब लोकांना व्हय-व्हय करू नकोस, किती वेळा सांगितलं!”

“साहेब कुठला गं? लेकरू हाय ते.”

भिंतीवर झळझळीत पोस्टर होतं: बाळ हललं तरी भुलीशिवाय जलद एमआरआय. मी त्यावर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“ते लहान मुलांसाठी.”

“मशीन वय विचारतं?”

माझा आवाज चढला होता. तो ऐकून रेडिओलॉजिस्ट बाई बाहेर आल्या. त्यांनी हललेली चित्रं पाहिली. जलद पद्धतीत एकेक चित्र सेकंदाच्या आत निघतं, म्हणाल्या, बारकावे थोडे कमी मिळतील, पण खडा कळेल. मावशी मधेच बोलल्या तरी चालेल. म्हणजे सोय तिथंच होती. आत्यासाठी ती वापरावी, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. खडा स्पष्ट दिसला. दुर्बीण त्याच संध्याकाळी ठरली.

निघताना आत्या टेक्निशियनपाशी थांबली. “जेवलास का, बाबा?”

तो कॉम्प्युटरमध्येच बघत राहिला. आत्या पुढं निघाली, मी दारात उभी राहिले.

“विचारलंय तिनं. उत्तर द्या.”

त्यानं मान वर केली. “नाय, मावशी. अजून नाय.”

“जेव मग,” आत्या मागं वळून म्हणाली. तेव्हा कुठं मी दार सोडलं.