मामांनी हिरवळीवर पाट काढला

माझ्या सासऱ्यांनी पंचतारांकित तंबूसमोरच्या हिरवळीवर फावड्याने पाट काढला, याबद्दल आजवर कुणीही माझी माफी मागितलेली नाही. उलट जो तो मलाच विचारतो, "तू तेव्हा काय करत होतीस?"

झोपले होते! पहाटे पावणेसहाला माणूस दुसरं काय करतो?

मी लातूरला लोकांच्या आवडीनुसार सहली आखून देते. ज्याला शांतता हवी त्याला शांतता, ज्याला दोरीला लटकून दरी पार करायची त्याला दरी. औसा रोडवर चष्म्याच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. (महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी बसचं बुकिंग समजून धापा टाकत वर येतं आणि "सोलापूरची गाडी किती वाजता?" असं विचारतं. त्यांनाही मी बसा म्हणते, पाणी देते.) माझं सगळं काम एका फॉर्मवर चालतं. बत्तीस प्रश्न! तो भरून घेतला की माणूस मला आरपार कळतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे.

गेल्या वर्षी नांदेडच्या एका शेठनी कंधारजवळच्या टेकडीवर आलिशान तंबूंची वस्ती उभी केली. सहाच तंबू, पण प्रत्येकाला लाकडी जमीन, गार हवा, राजेशाही पलंग आणि पुढ्यात पोहायचा स्वतंत्र हौद. शेठ मला म्हणाले, "मॅडम, तुमचे पाव्हणे एकदा येऊन जाऊ द्या. खूश झाले तर लातूर जिल्ह्याचं सगळं बुकिंग तुमच्याच हातून." ते स्वतः रविवारी सकाळी आठला येऊन करारावर सही करणार होते.

पाहुणे मी विचार करून निवडले. एक जोडपं म्हणजे लातूरचे डॉक्टरसाहेब आणि त्यांच्या मिसेस, लग्नाला पंचवीस वर्षं. ही माझी आजवरची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं. दुसरं जोडपं घरचंच, माझे सासू-सासरे, लग्नाला चाळीस वर्षं. त्यांना मी आत्या आणि मामा म्हणते. (नात्यातलं लग्न नाही हां! आमच्याकडे तशी पद्धतच आहे.) दोघं औश्याजवळच्या गावी शेती करतात. हौसेची सहल म्हणून त्यांनी आयुष्यात काही केलेलं नाही. मला वाटलं, चला, सून म्हणून पुण्य आणि धंदा म्हणून करार, दोन्ही एका गाडीखर्चात.

फॉर्म घेऊन मी गावी गेले.

"मामा, सुट्टीत तुम्हाला काय करायला आवडतं?"

"कोनाच्या सुट्टीत?"

"तुमच्या."

"मला कोन देनार सुट्टी? म्हस?"

मी पुढच्या प्रश्नावर गेले. "सकाळी किती वाजता उठता?"

"चारला."

मी लिहिलं : सूर्योदयाचे चाहते.

"मनात खोलवर दडलेली एखादी इच्छा?"

मामांनी आत्या कुठे आहेत ते बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यंदा बोअरला पानी लागावं."

मी लिहिलं : जलक्रीडेची आवड.

आता कुणीही सांगावं, यात माझं काय चुकलं? फॉर्ममध्ये त्यासाठी तेवढाच रकाना होता!

"पर न्यायलालीस कुठं आमाला?" मामांनी विचारलं.

"कंधारजवळ."

"कंधार?" मामांचा चेहराच पडला. "तिथं मी बैल आनायला गेल्तो की. तिथं कसली आलीय लक्झरी?"

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो; डॉक्टरसाहेब आणि मिसेस संध्याकाळी त्यांच्या गाडीने येणार होते. मी, माझा नवरा महेश, मामा, आत्या आणि आत्यांच्या तीन पिशव्या. (एकीत ज्वारीचं पीठ, दुसरीत शेंगदाण्याची चटणी. तिसरीत काय होतं ते मी विचारलंच नाही.) मॅनेजरने मामा-आत्यांना हार घातले, थंडगार सुगंधी नॅपकिन दिले. मामांनी त्या नॅपकिनने तोंड पुसलं, मान पुसली, मग खाली वाकून दोन्ही पाय पुसले आणि नीट घडी घालून मॅनेजरच्या हातात परत दिला. मॅनेजर हसतच राहिला. शिकलेला माणूस!

मग तो हौदाकडे वळला. "सर, हे आमचं खास आकर्षण. पाण्यात औषध नाही, क्लोरीन नाही, काही नाही. कारण आम्ही पाणी रोज पहाटे बदलतो. कालचं पाणी आज पाव्हण्याच्या अंगाला लागू देत नाही."

मी कौतुकाने मामांकडे पाहिलं.

"रोज?" मामांनी विचारलं.

"रोज, सर."

"सगळ्या तंबूंचं?"

"सहाच्या सहा."

"आन् कालचं कुठं जातं?"

"नाल्यात सोडतो, सर."

मामा हौदाच्या काठावर बसले. ओंजळभर पाणी उचललं आणि थेंबही बाहेर न सांडता परत हौदात सोडलं. आमच्या औश्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. मामा तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालतात आणि मी वाटी विसळून पाणी मोरीत टाकलं की तोंड फिरवतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी मला वाटलं, एवढ्या थाटामाटाने गहिवरून आलं असेल!

त्याच भरात मी मॅनेजरला बाजूला घेऊन बजावलं, "सर मागतील ते द्यायचं. काहीही मागू देत. नाही हा शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये." तो मान डोलावून गेला.

रविवारी पहाटे पावणेसहाला तंबूतला फोन वाजला.

"मॅडम, सर फावडं मागून राहिले."

त्या ठिकाणी पाहुण्यांच्या हातून एकेक झाड लावून घ्यायची पद्धत होती. मी डोळे न उघडता म्हणाले, "मग द्या ना! विचारताय काय?"

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "मॅडम, सर म्हणून राहिले एका फावड्यानं भागत नाही."

"दुसरं द्या!"

मग पाऊण तासाने तिसरा फोन. "मॅडम, त्यांना आमचा माळी पण पाहिजे."

"माळी द्या, माळ्याचं खटलं द्या! पाहुण्याला निसर्गाशी समरस व्हायचंय, होऊ द्या!"

शेजारी महेश ताडकन उठून बसला. "कुणाला दिलं फावडं?"

"मामांना. झाड लावतायत."

"बाबांना? दोन फावडी?" तो चप्पल शोधायला लागला. "स्वाती, ऊठ. आधी ऊठ!"

बाहेर येऊन पाहते तर मामा धोतराचा काचा मारून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हिरवळीच्या मधोमध उभे. त्यांच्या तंबूच्या हौदापासून उतारावरच्या आंब्याच्या रोपांपर्यंत वीतभर खोल पाट निघालेला. (सरळ होता. राग येतो, पण सरळ होता हे मला कबूल केलंच पाहिजे.) पलीकडून माळी नागोराव माती ओढत होता. त्याच्या तोंडावर असा आनंद की बारशाला आलाय असं वाटावं.

"मामा! हे काय करताय?"

"पानी देलालो. रोपं बग की, वाळून कोळ झाल्यात. आन् हितं पानी नाल्यात सोडायलेत."

"अहो, ती हिरवळ हैदराबादहून मागवलीय! गुंडाळ्या करून आणलीय!"

मामा थांबले. "गवत इकत आनलं?"

"हो!"

"ढोरं किती हाईत?"

"ढोरं नाहीत, मामा!"

"मंग गवत कशाला?"

 

इथवरसुद्धा मी निभावून नेलं असतं. पाट बुजवला असता, वरून कुंड्या मांडल्या असत्या. मामांनी पाट एका हौदाच्या हिशोबाने काढला होता आणि एका हौदाचं पाणी रोपांत गुमान जिरत होतं. पण नागोरावला नोकरीच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी समजून घेणारं भेटलं होतं. "काका, एकाच हौदाचं कामून? बाकीचे पाच पण सोडतो की!" असं म्हणत तो धावत वर गेला.

"एका टायमाला एकच सोड रे!" मामा ओरडले.

नागोरावने पाचही सोडले.

आता खालच्या बाजूला काय होतं ते सांगते. खालच्या बाजूला मी आखलेला सूर्योदयाचा नाश्ता होता. पांढरी बैठक, लोड-तक्के, गुलाबाच्या पाकळ्या, डाळिंबाचा रस, डॉक्टरसाहेब, रेशमी साडीतल्या मिसेस आणि डोळे मिटून बासरी वाजवणारा एक कलाकार. पाणी पहिल्यांदा त्या कलाकाराकडे गेलं. सूर एकदम वर चढला. मिसेसना वाटलं, राग बदलला. त्या "वा!" म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचा तक्का हलला.

पुढचं सगळं एका मिनिटात झालं. पाकळ्या तरंगत निघाल्या, पाकळ्यांमागे लोड निघाले. बासरीवाला बासरी डोक्यावर धरून उभा राहिला. मिसेस चौरंगावर चढल्या. मी वरून "डॉक्टरसाहेब, सॉरी, सॉरी!" करत धावले, तर डॉक्टरसाहेबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली आणि चांदीचा मुलामा दिलेल्या ताटलीने ते चिखल ओढत होते!

"काका, वरून बांध घाला, वरून!" ते मामांना ओरडून सांगत होते. "इकडं मी आडवतो!"

"तुमी डावीकडनं फोडा!" वरून मामा. "उतार तिकडं हाय!"

डॉक्टरसाहेब मूळचे निलंग्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, हे मला तेव्हा कळलं. माझ्या बत्तीस प्रश्नांत असा प्रश्नच नव्हता. पंचवीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस ढोपरभर चिखलात उभा राहून मोठमोठ्याने हसत होता. फोटोतसुद्धा मी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांच्या मिसेस मात्र हसत नव्हत्या. चौरंगावरून त्यांनी मला विचारलं, "स्वाती, हे तुमच्या पॅकेजमध्ये आहे का?"

आणि मी, देवा, मी म्हणाले, "हो. हा साहसाचा भाग."

"साहसाचा?"

"खास तुमच्यासाठी आखलेला."

तेवढ्यात आत्या तिथे आल्या. त्यांनी मिसेसच्या चपला पाण्यातून उचलून दगडावर उपड्या घातल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "पोरीचं मनावर घेऊ नका, बाई. तिला ठाव बी न्हवतं. झोपली व्हती."

मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांना आपण काही वावगं बोललो असं मुळीच वाटत नव्हतं. त्या दुसरी चप्पल शोधत होत्या.

याच वेळी शेठ आले. अर्धा तास आधी! पांढरे बूट घालून ते गाडीतून उतरले, चार पावलं आले आणि पाचवं पाऊल पाटात घातलं.  नागोराव एका झाडामागे गेला. (ते झाड त्याच्या कमरेएवढंच होतं.)

"हे कुणी केलं?" शेठनी विचारलं.

इथे सुनेने पुढे व्हायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला पाठीशी घालायला हवं होतं. मी क्षणाचाही विलंब न लावता मामांकडे बोट दाखवलं.

शेठ बूट हातात घेऊन वर चढले. रोपांच्या रांगेतून फिरले. एका आळ्यात बोट घालून पाहिलं. "टँकर लावून पण ही रोपं जगून नाही राहिली," ते म्हणाले. "उतार कसा धरला?"

"डोळ्यानं," मामा म्हणाले. "पानी चार दिसांनी बदला. रोज कशाला? मानूस काय रोज एवढा मळतो व्हय?"

शेठ हसले. दोघं हौदाच्या काठावर पाय सोडून बसले. चहा आला, मामांनी बशीत ओतला, शेठनीही ओतला. तास-दीड तास बोलणं चाललं. बोअर किती फूट, कुठल्या रोपाला किती पाणी, नाला कुठे अडवायचा. मी कराराची फाईल छातीशी धरून उभी. कुणी बस म्हणालं नाही. नागोरावबरोबर पाट नीट करण्यात महेशही रमला होता.

करार झाला. माझ्याशी नाही.

आता महिन्यातून एकदा औश्याकडे शेठची गार हवेची गाडी येते आणि मामा-आत्यांना घेऊन जाते. दोन रात्री त्याच तंबूत राहणं, मामांनी पाण्याची पाहणी करायची, आत्यांनी स्वयंपाकघरात भाकरी शिकवायची. डॉक्टरसाहेबही मध्ये दोनदा मामांबरोबर जाऊन आले, तेही मला न कळवता. त्यांच्या मिसेस गंजगोलाईच्या बाजारात मला पाहिलं की रस्ता ओलांडतात. आणि माझ्या ऑफिसात अजूनही सोलापूरच्या गाडीची चौकशी होते.

परवा राहवलं नाही. मामांची गाडी यायच्या वेळी मी गावी होते. मान खाली घालून म्हणाले, "मामा, एकदा मलाही न्या ना. पाहते तरी कसं चाललंय."

मामांनी टॉवेल झटकून डोक्याला गुंडाळला.

"चल की," ते म्हणाले. "पर तू सहली आखतीस हे तिथल्या पाव्हन्यांना सांगू नको. आता कुठं माझं नाव व्हायलंय."